बाटलीचं घर

१२ जानेवारी, रविवार

आज बैठकीत सगळे ह्यांना हसले. तोंडावर कुणीच हसलं नाही. ते जास्त लागलं.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या हॉलमध्ये ही बाटल्यांची मंडळी जमतात. जुनी काच गोळा करणारे सगळे — सोड्याच्या, औषधाच्या, अत्तराच्या, शाईच्या बाटल्या. मी कॉफी देते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकते. गेल्या बैठकीत मोहनकुमारनं गोटी सोड्याची हिरवी बाटली आणली होती, घेऊ का विचारायला. ह्यांनी ती उजेडात धरली, बुडावरून अंगठा फिरवला. "घे. शंभर वर्षांची आहे." ह्यांचा शब्द म्हणजे शिक्का. त्यानं घेतली.

आज रघुनंदननं — तो पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला — फोन पुढे केला. "अंकल, सेम पीस. ऑनलाइन सहाचा सेट येतो. डेकोरेशनसाठी." फोटोत हिरव्या बाटल्यांची रांग, एकीत मनीप्लांट लावलेला.

बाटली पुन्हा हातोहात फिरली. साच्याचा जोड पार ओठापर्यंत गेलेला. जुन्या बाटलीत तो गळ्याशीच संपतो — हे ह्यांनीच सगळ्यांना शिकवलंय. मलासुद्धा. आज मला दारातून दिसला.

मोहनकुमार म्हणाला, "असू दे अण्णा. वय होतं माणसाचं. स्वल्प इकडेतिकडे चालायचंच."

हे उठले. आपला कप उचलून आत ठेवून आले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी कप उचललेला मला आठवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मोहनकुमार एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, आणि ऊस घेऊन आला. राजाजीनगरचं हार्डवेअरचं दुकान सोडून, सणाच्या गर्दीत. चांगला मुलगा. मुलगा कसला, पन्नाशीचा आहे, पण ह्यांच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा मिशी नुकती फुटत होती. दारातच म्हणाला, "अक्का, तुमच्या घरात जीव मुठीत धरून चालावं लागतं. पाय टाकावा तिथे बाटली." नेहमीचंच वाक्य. मी नेहमीसारखी हसले.

हे बाहेर आले नाहीत. झोपलेत म्हणून सांगितलं. आत रेडिओ चालू होता, त्यालाही ऐकू येत होता.

तो गेल्यावर म्हणाले, "मला म्हातारा म्हणाला. चार जणांत."

"सांभाळून घेतलं त्यानं तुम्हाला."

"तेच म्हणतोय मी."

२१ जानेवारी

एक खोकं आलं. आत निळ्या बाटल्या, कोऱ्या करकरीत. सहा कोनांच्या, अंगावर उभ्या रेघा, बुडाला कंपनीची खूण. हे पुन्हा फसले!

"अहो, नकली आहेत ह्या."

हसले. किती दिवसांनी हसले. "माहीत आहे. म्हणून तर मागवल्या."

ह्यातली एक जुनी करणार म्हणे. इतकी जुनी, की मोहनकुमार चार जणांत छाती ठोकून तिला खरी म्हणेल. मग हे आतून खोकं आणून टेबलावर ठेवणार. "मग बघू कुणाचं वय झालंय ते."

पोरखेळ आहे, म्हटलं. "असू दे." चेहऱ्यावर जरा रंग आला होता, म्हणून मी पुढे बोलले नाही.

पण ती बाटली हातात घेववेना. तसली मला माहीत आहे. बाबा बसवनगुडीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. शाळा सुटली की कॉन्व्हेंटच्या गणवेशातच मी दवाखान्यात जाऊन बसायची. लोक घरून बाटली आणत, बाबा मिक्श्चर भरत, आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवायचं काम माझं. वरच्या फळीवर अशीच एक निळी बाटली असे. वीज गेली, अंधारात हात भलत्या बाटलीवर पडला, तर बोटांना कळावं म्हणून त्या रेघा. बाबांनी एकदा मला डोळे मिटायला लावले आणि माझं बोट तिच्यावरून फिरवलं. "खरखरीत लागलं की हात मागे, पद्मा. विष आहे."

बाबांचा हात, त्याला येणारा ओव्याच्या अर्काचा वास — सगळं जागच्या जागी आहे अजून.

२ फेब्रुवारी

गच्चीवर जायची मला बंदी आहे. दरवाजांच्या काचा धूसर करणाऱ्या कुणाकडून तरी हे प्लास्टिकच्या डब्यात काहीतरी घेऊन आलेत. "काच खातं ते," म्हणाले, कौतुकानं. काच खाणारी वस्तू माणसाचं काय ठेवेल? हातमोजे माझे — भांडी घासायचे.

काल जेवताना उजव्या हाताची दोन बोटं वाटीत घालेनात. पांढरीफटक पडली होती. जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. "कशानं झालं?" हे लगेच म्हणाले, "संडास धुताना." पापणी लवली नाही. ज्या माणसानं कधी संडास धुतला नाही त्यानं!

डॉक्टर खूप रागावले. आणखी थोडं लागलं असतं तर हाडापर्यंत गेलं असतं म्हणाले. मी शेजारी बसून मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. म्हणजे मीही खोटंच बोलले.

आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये एक लाकडी कपाट होतं. ख्रिस्ती मुली त्यात गुडघे टेकून जाळीतून आपली पापं सांगायच्या. आम्ही हिंदू मुली बाकावर त्यांची वाट पाहायचो. बाहेर यायच्या तेव्हा अगदी मोकळ्या दिसायच्या. मला हेवा वाटायचा. म्हणून ही वही धरली असेल मी. पण हिच्यात लिहून मोकळं वाटत नाही, भीती तेवढी अक्षरांत दिसू लागते.

६ फेब्रुवारी

डबा फेकून दिलात का, विचारलं. "दिला." कुठे फेकला ते सांगत नाहीत. नळावर कुणाचं पोर गेलं, गाय तोंड लावून गेली, तर?

बाटली मात्र कढीपत्त्याच्या कुंडीतून काढून आणली. बूड पाट्यावर घासून खूण घालवलीय. ओठही घासून गोल केलाय, जोड दिसतच नाही. मातीचे डाग, आणि अंगावर ती फिकट साय, जुन्या काचेवर येते तशी. मी पाहिली आणि घाबरले. चांगली झाली नाही म्हणून नाही. फार चांगली झालीय म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं. आणि ते माझ्याच तोंडून.

मंडळींचा एक नियम आहे, ह्यांनीच घातलेला. टेबलावर बाटली आली की आधी तिचं घर सांगायचं. कुणाकडे होती, कशाला वापरत, कोण हाताळायचं. दुकानदाराची चिठ्ठी चालत नाही. त्या घरच्या माणसानं तोंडानं सांगायचं, जमलं तर घरच्या बाईनं. बायका भांड्याकुंड्यांबद्दल खोटं सांगत नाहीत असं ह्यांचं म्हणणं. जिचं घर कळत नाही ती बाटली बाजूच्या ताटात जाते, तिच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही.

ह्यांनी ती निळी रुमालातून काढली. रघुनंदन लगेच फोनवर शोधायला लागला. मोहनकुमारनं भिंग लावलं — बूड, ओठ, पुन्हा बूड. मी ट्रे खाली ठेवला.

"चांगली दिसते अण्णा. घर सांगा."

हे माझ्याकडे बघत राहिले. आमचं काही ठरलं नव्हतं! मी नुसतं म्हणायचं होतं, मला ठाऊक नाही. बाटली ताटात गेली असती. सगळं तिथेच संपलं असतं.

"माझ्या बाबांच्या दवाखान्यातली आहे," मी म्हटलं. मग थांबताच येईना. वरची फळी. गेलेली वीज. मिटलेले डोळे आणि बाबांच्या हातात माझं बोट. कागदी पट्ट्या, कात्री, खळीचा डबा. एक शब्द खोटा नव्हता. बाटली तेवढी खोटी होती.

रघुनंदननं फोन पालथा ठेवला. "आंटी... वाव." मोहनकुमारनं चष्मा काढून डोळे पुसले. "काही शोधायचं नाही. मी सांगतो, ही खरी आहे."

आता हे आत जातील, खोकं आणतील — मी डोळे मिटून घेतले. हे उठले. बाटली मोहनकुमारच्या ओंजळीत ठेवली. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाले, आणि परत बसले.

१० फेब्रुवारी

खोकं माळ्यावर आहे. स्टुलावर चढून पाहून आले.

१७ फेब्रुवारी

शेवटी विचारलं. का नाही सांगितलं?

"तू इतकी रंगली होतीस. कसं मोडायचं?"

म्हणजे माझ्यावरच आलं. सांगा, म्हटलं, आजच फोन करून सांगा. लोक हसतील, दोन दिवसांत विसरतील. उशीर झाला तर हसणार नाहीत, थुंकतील. चाळीस वर्षं तुमच्या शब्दावर माणसांनी विश्वास ठेवलाय.

"सरी, सरी. सांगतो पुढच्या बैठकीत. तोवर नाचू दे त्यांना."

२ मार्च

मोहनकुमारनं जेवायला बोलावलं होतं. त्याच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट. मधल्या खणात ती एकटी, खालून दिवा सोडलेला. पुढे सुबक छापील अक्षरांत कार्ड. "कै. सुब्बाराव, कंपाउंडर, बसवनगुडी, यांच्या दवाखान्यातील."

बाबांचं नाव.

जन्मभर बाबांनी दुसऱ्याच्या नावाच्या औषधांवर पट्ट्या लावल्या. त्यांचं स्वतःचं नाव असं छापून कुठे आलेलं मी पाहिलं नव्हतं. आलं ते ह्या बाटलीखाली. जेवताना मोहनकुमार सांगत होता, एप्रिलमध्ये बसवनगुडीतच प्रदर्शन आहे, ही बाटली दारातच ठेवणार, पेपरवाले येतील. "अक्का, बाबांचा एक फोटो द्या. आणि त्या दिवशी तुम्ही तिथे तीच गोष्ट सांगायची. माईकवर."

हे म्हणाले, "सांगेल की."

ऑटोत मी रडले. ह्यांनी विचारलं, "बाबांची आठवण आली?" इतकं मायेनं विचारलं, की राग कुठे काढावा कळेना.

९ मार्च, रविवार

बैठक झाली. सांगितलं नाही. मंडळी गेल्यावर मी दार लावून उभी राहिले. "आज सांगणार होता तुम्ही."

"काय सांगणार होतो?"

असं विचारतात! सरळ माझ्या डोळ्यांत बघून. इतका निगरगट्टपणा ह्यांच्यात कधी नव्हता. त्या बाटलीनं केलंय हे. दुसऱ्याला फसवता आलं, ते गोड लागलं.

१३ मार्च

देवळातून न्यायला येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. शेवटी मी चालत आले. हे गॅलरीत बसले होते, शाईच्या दौती पुसत. "कुठे गेली होतीस?" मी सरळ आत गेले. ह्यांचं सगळं लक्ष काचेत.

२२ मार्च

श्रीविद्याचा हैदराबादहून फोन. "आई, अप्पांना करमत नाही का गं? काल फोन केला, आज परत केला, तेच सगळं परत सांगितलं." मी म्हटलं, बाटल्यांशिवाय दुसरा विषयच नाही त्यांना. तिला खरं सांगावंसं वाटत होतं. पण बापाबद्दल लेकीला काय सांगू — तो लबाड झालाय म्हणून?

"तू बरी आहेस ना?"

बरी आहे म्हटलं.

३० मार्च, युगादी

बेवु-बेल्ल, कडुलिंब आणि गूळ, देवाला दाखवलं, ह्यांच्या हातावर ठेवलं. मग ह्यांनी श्रीविद्याला फोन लावला. मी पुरणाचं बघत होते, बाहेरून आवाज येत होता. तिला बाबांच्या बाटलीची गोष्ट सांगत होते. वीज, फळी, बोट, सगळं. वर आणखी एक — "तुझ्या आजोबांनी ती माझ्या हातात दिली, आमच्या लग्नात. म्हणाले, जावईबापू, मुलीसारखी जपा."

बाबांनी लग्नात ह्यांना घड्याळ दिलं होतं.

तव्यावरची पोळी करपली. माझी गोष्ट निदान खरी होती. ह्यांनी तिला खोटं पान जोडलं, आणि तेही पोटच्या मुलीशी बोलताना. उद्या पेपरात तेच येईल. कुणीतरी जुनं माणूस वाचेल, दवाखान्याच्या गल्लीतलं, म्हणेल सुब्बाराव असे नव्हते. किंवा रघुनंदनला ती निळी बाटली कुठेतरी फोनवर दिसेल, मेणबत्ती लावलेली. रोज सकाळी वाटतं, आज दिसणार.

५ एप्रिल

मोहनकुमारला फोन लावला. "बोला अक्का!" मागे दुकानाचा गलका, कुणीतरी खिळे मोजून मागत होतं. "फोटो सापडला का बाबांचा?"

सापडला, म्हटलं. आणि फोन ठेवला.

९ एप्रिल

भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवला, पुसला, परत लावला. देणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

उद्या प्रदर्शन. आता ठरलं. माईकवर नाही जायचं. सकाळी लवकर जाऊन मोहनकुमारला बाजूला घेईन आणि खोकं त्याच्यापुढे ठेवीन. जे बोलायचं ते बोलू दे. ह्यांना टाकून बोलेल, मला बोलेल, येणं-जाणं तोडेल. कार्ड मात्र निघेल. बाबांचं नाव सुटेल.

पण ह्यांच्या पाठीमागे जाणार नाही. आधी ह्यांच्यासमोर खोकं ठेवून सांगणार, की मी हे घेऊन जातेय. ओरडतील. ओरडू देत. आजवर ओरडले नाहीत, म्हणून त्याचीच जास्त भीती वाटते.

१३ एप्रिल, रविवार

कॉफी झाल्यावर खोकं ह्यांच्यापुढे ठेवलं, झाकण उघडलं. काही म्हणायच्या आत ह्यांनी एक बाटली उचलली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. बुडावरून अंगठा फिरवला.

"अरेरे. पद्मा, नकली आहे गं ही. सगळ्याच आहेत." माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. "कुणी फसवलं तुला? बाबांच्या बाटलीसारख्या दिसल्या म्हणून घेतल्यास ना? चूक माझी आहे. ती मी द्यायला नको होती. तुझ्या माहेरची एवढी एकच वस्तू होती आपल्याकडे."

डोळ्यांत पाणी होतं. मी खूप वेळ बघत राहिले त्या डोळ्यांत. लबाडी शोधत होते. असती तर बरं झालं असतं.

"हो," म्हटलं. "फसले मी."

प्रदर्शनाला गेलो नाही. श्रीविद्याला फोन केला. आजच निघ म्हटलं.